पोरगी खोटं बोलत नव्हती

उभं राहताच नाडी धावू लागण्याच्या विकारावर, म्हणजे पॉट्सवर, तुम्ही लेख लिहिलात ते फार बरं केलंत. एक भर घालते. उभं राहिल्यावर नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी वाढली तर पॉट्स, हा लेखात दिलेला निकष प्रौढांसाठी आहे. १२ ते १९ वयात उभं राहिल्यापासून १० मिनिटांत नाडी मिनिटाला किमान ४० ठोक्यांनी वाढलेली दिसावी लागते, आणि रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. इथेच घोळ होतो. झोपवून तपासलं की सगळं नॉर्मल, ईसीजीही नॉर्मल, मग 'टेन्शन घेते' म्हणून घरी पाठवतात. माझ्या मुलीने हे दोन वर्षं ऐकलं. अंघोळ करून आली की भिंतीला धरून उभी राहायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी एका डॉक्टरांनी तिला १० मिनिटं नुसतं उभं केलं आणि मधूनमधून नाडी मोजत राहिले. एवढंच!

यावर उपाय साधे: पाणी भरपूर, पायांना घट्ट मोजे, व्यायामाची सुरुवात आडवं पडून किंवा बसून. मीठही वाढवायला सांगतात, पण ते कृपा करून मनाने करू नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर बाधतं. आणि मुलं चक्कर येते म्हणाली तर आधी त्यांना उभं करून नाडी बघा.