मीटर आधी की फूट आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा भिंग काढलं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. इथे सांगलीत, विश्रामबागेतल्या डॉक्टरांच्या ज्या रोलेक्स सबमरीनरबद्दल (खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठीचं घड्याळ, मॉडेल ५५१३) मी मागे लिहिलं, तिच्या डायलवर ‘२०० मीटर = ६६० फूट’ असं मीटर आधी छापलंय. तुमचे काका बोटीवर होते, त्यांनी १९६५ साली एडनला घेतलेल्या ५५१३ वर फूट आधी आहेत. रोलेक्स असल्या चुका करत नाही, म्हणून डॉक्टरांचं घड्याळ डुप्लिकेट. शिवाय फोटोत आकड्यांच्या जागचे ठिपके जास्तच हिरवे दिसतात. आणि शेवटी, ‘हरभट रोडवर हिंडून रोलेक्स कळत नाही.’

हे शेवटचं मान्य. मी हातात धरून नीट पाहिलेल्या सबमरीनर एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

पण मीटर आधी छापणं ही चूक नव्हे. ५५१३ हे मॉडेल १९६२ पासून पंचवीसेक वर्षं निघत होतं. सुरुवातीच्या डायलवर मीटर आधी असत. १९६० चं दशक संपता संपता फूट पुढे आले. शिवाय डायलची छपाई म्हणजे कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ पॅडनं उचलून डायलवर टेकवणं. प्लेट झिजली की नवी येते, आणि नव्या प्लेटवर रोलेक्सचा मुकुट जरा बुटका किंवा एखादं अक्षर जरा रुंद होतं. पंचवीस वर्षांतल्या सगळ्या डायल तंतोतंत सारख्या असत्या तरच मला शंका आली असती. डॉक्टरांच्या घड्याळाचा पट्टा काढून सहाच्या बाजूला लग्सच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मधला नंबर पाहिला होता. तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे. केस (घड्याळाची बाहेरची डबी) आणि छपाई एकमेकांशी जुळतात.

आता तुमचे हिरवे ठिपके. इथे मी कमी पडलो, कबूल करतो. डायलवर तळाशी ‘स्विस – टी < २५’ आहे. टी म्हणजे ट्रिटियम, ठिपके अंधारात चमकावेत म्हणून घातलेला किरणोत्सारी पदार्थ; त्याचा किरणोत्सार २५ मिलिक्युरीपेक्षा (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) कमी. ट्रिटियम दर सव्वाबारा वर्षांनी निम्मं होतं. म्हणजे पन्नासेक वर्षांत उरतो साधारण सोळावा हिस्सा, आणि डॉक्टरांचं घड्याळ त्याहून जुनं. सोबतची चमकणारी पावडरही तोवर थकलेली असते. टॉर्च मारला तर फार तर काही क्षण उजळेल आणि विझेल. तुमची प्रतिक्रिया वाचून परवा पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना सुटल्यावर दोघं त्यांच्या एक्स-रेच्या खोलीत दिवा बंद करून बसलो (बाहेर कंपाउंडर काय समजला असेल देव जाणे). अर्धा तास झाला तरी ठिपके आणि काटे दोन्ही लखलखत होते. कुणीतरी जुना मसाला खरवडून नवा भरलाय. छपाई कंपनीची, ठिपके दुसऱ्याचे. मागच्या लेखातलं ‘सगळं जसंच्या तसं आहे’ हे वाक्य मी आज काढून टाकलं. डॉक्टर दोन मिनिटं गप्प होते.

आपल्या वादात दोन शब्दांची गल्लत होतेय असं मला वाटतं: अस्सल आणि मूळ. जुनी डायल खराब झाली की कंपनीच सर्व्हिसला नवी बसवते. ती अस्सल असते, पण त्या घड्याळाची मूळ नसते. उलटं उदाहरण माझ्या घरात आहे. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरी कपाटापर्यंत पाणी चढलं आणि वडिलांची एचएमटी जनता चार दिवस चिखलात राहिली. एकाकडे मशीन साफ करायला दिली, तर त्यानं न विचारता डायलही रंगवून आणली. ‘नवीकोरी करून दिली बघा!’ खालचा पत्रा वडिलांच्या घड्याळाचाच, पण वरची अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा कडेला घसरलेल्या. पैसे दिले आणि घरी आलो, काय बोलणार? ही मूळ आहे, अस्सल राहिली नाही. सरळ ‘खरं की खोटं’ विचारलंत तर या दोन्हींना उत्तर देता येत नाही.

आणि ‘कंपनीला कळतं’ यावरही फार विसंबू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात ओमेगा या घड्याळ कंपनीची एक स्पीडमास्टर, १९५७ च्या पहिल्या मॉडेलची, डायल सुंदर तपकिरी पडलेली, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेली. घेणारं होतं ओमेगाचंच म्युझियम. २०२३ मध्ये ओमेगानंच जाहीर केलं की ते घड्याळ ठिकठिकाणचे, बहुतेक अस्सल, भाग जुळवून केलेलं आहे आणि त्यात कंपनीचेच काही माजी कर्मचारी सामील होते. भिंगाखाली तिथे एकेक भाग पास झाला असेल.

आता काकांचं घड्याळ. रागावू नका, पण १९६५ ची खरेदी आणि फूट आधी, हे मला जुळत नाही. एकतर काकांना साल आठवताना चूक होतेय, किंवा मधे कधीतरी सर्व्हिसला डायल बदललीय. पट्टा काढून सहाच्या बाजूच्या नंबराचा फोटो पाठवा, आणि डायलच्या अगदी तळाशी काय छापलंय तेही. टी न दिसता नुसतंच ‘स्विस मेड’ असेल तर ती डायल १९९८ नंतरची. आणि तोवर कृपा करून ते कुणाकडे ‘साफ करायला’ देऊ नका.