साडूंचा सिंगल माल्ट

पूर्वी "कधी बसायचं?" या प्रश्नाचं उत्तर "शनिवारी" एवढंच असायचं. कशाला बसायचं आणि कशाबरोबर, हे ठरलेलं असे. ब्लेंडेड स्कॉचचा एक खंबा, सोडा, बर्फ, खारे दाणे, कुणाच्या तरी बायकोने नाइलाजाने भाजून दिलेले पापड आणि ऑफिसातल्या साहेबांची निंदा. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची, बाकीचं सगळं तिच्या सोयीसाठी. मग आमचे साडू शिरीषराव स्कॉटलंडची टूर करून आले आणि आमचं बसणं संपलं. आता आम्ही 'टेस्टिंग'ला जातो.

टेस्टिंगला सोडा नसतो. बर्फ नसतो. खारे दाणे नसतात, कारण त्याने जीभ बिघडते. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा एक छोटा ग्लास मिळतो. त्याच्या तळाशी जे काही असतं ते पाहून, आपल्याआधी कुणीतरी पिऊन गेलं असावं अशी शंका येते.

"प्यायची घाई नको. आधी नाक," शिरीषराव म्हणतात. मी नाक घालतो. "काय येतंय?"

आता, दारूला दारूचा वास येतो असं उत्तर या तोंडी परीक्षेत चालत नाही. शिरीषरावांना त्याच ग्लासात वाळलेलं गवत, मध, हिरवं सफरचंद आणि जुनं चामडं सापडतं. जुनं चामडं खायची वेळ माझ्यावर आजवर आलेली नाही, त्यामुळे मी मान डोलावतो.

सगळ्यात कठीण पेपर स्कॉटलंडच्या आयला बेटाचा. तिथे झाडं कमी, दलदल जास्त. व्हिस्कीसाठी बार्लीला मोड आणल्यावर ती वाळवायला पूर्वापार 'पीट' जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजून दबलेलं गवत-शेवाळ. त्याचा धूर बार्लीत शिरतो तो ग्लासापर्यंत सोबत करतो. शिरीषरावांनी तिथल्या लाफ्रॉयग व्हिस्कीची बाटली उघडली आणि आतून ताई धावत आल्या. "अहो, कुणाला लागलं का? आयोडीनचा वास येतोय!" इतकं अचूक परीक्षण त्या खोलीत आजवर कुणी केलेलं नाही. शिरीषरावांनी मात्र त्यांना पापड भाजायला परत पाठवलं. नंतर ते पापड त्यांनी नाकारले, तो भाग वेगळा.

वास आणि चव यांवर माझी तक्रार नाही. माझी तक्रार "ब्लेंडेड म्हणजे शेवटी भेसळच हो" या वाक्यावर आहे. ते ऐकल्यापासून स्वसंरक्षणार्थ मी वाचन सुरू केलं.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली दारू, असं शिरीषराव सांगतात. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीतली. फक्त मोड आणलेली बार्ली (तीच माल्ट), तांब्याची भांडी, ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षं मुक्काम. पण त्या डिस्टिलरीतली शेकडो पिंपं एकत्र करून एक बाटली बनवायला कुणाची हरकत नसते. बाटलीवरचं '१२ वर्षं' हे त्या मिश्रणातल्या सर्वात लहान मुलाचं वय. शिवाय ग्लास दिव्यासमोर धरून "रंग बघा, काय मुरलीय!" असं जे चालतं, त्याबद्दल एक बारीक माहिती. स्कॉचमध्ये, सिंगल माल्टमध्येसुद्धा, रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याची परवानगी आहे.

आणि ब्लेंडेड? एनियस कॉफी नावाच्या आयरिश माणसाने १८३० साली अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ आधी अबकारी खात्यात होते! त्या भट्टीतून गहू-मक्याची हलकी, स्वस्त ग्रेन व्हिस्की निघू लागली. १८६० च्या कायद्याने ती माल्टमध्ये मिसळायची सोय केली आणि एडिनबरोच्या अँड्र्यू अशरने त्याचा धंदा उभा केला. मग फ्रान्समधल्या द्राक्षवेलींना फिलॉक्सेरा नावाची कीड लागली, ब्रँडी आटली आणि इंग्रज साहेबाचा ग्लास स्कॉचने भरला. माल्टवाल्यांनी तेव्हाही "ही व्हिस्कीच नव्हे" म्हणून बोंब मारली. १९०५ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात दुकानदारांवर खटले झाले, मग रॉयल कमिशन बसलं (हे बसणं वेगळं) आणि १९०९ साली निकाल आला, की दोन्ही व्हिस्कीच. म्हणजे शिरीषराव शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हरलेला खटला दर शनिवारी नव्याने लढवताहेत.

दगडफूल नुसतं चघळून "वा" म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. गोडा मसाला करणारीची मात्र पिढ्यान्पिढ्या आठवण निघते. व्हिस्की मिसळणाऱ्या ब्लेंडरचं काम तेच. दरवर्षी पिंपं वेगळी, चव मात्र तीच आली पाहिजे, आणि तीही प्रामुख्याने नाकाने ओळखायची. नाकाने कांदे सोलणं वेगळं आणि नाकाने व्हिस्की जुळवणं वेगळं. गंमत म्हणजे शिरीषरावांना आयलाचीच सिंगल माल्ट 'कूल ईला' प्राणप्रिय, आणि तीच कूल ईला जिच्यात धूर सोडते ती जॉनी वॉकर ब्लॅक लेबल त्यांच्या लेखी भेसळ. ग्लेनफिडिकने १९६३ साली सिंगल माल्ट परदेशात खपवायला घेईपर्यंत बहुतेक माल्ट ब्लेंडमध्येच जात असे. ब्लेंडनेच या भट्ट्या पोसल्या.

हे सगळं मी एकदा त्यांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही थोडं पाणी घालून बघा. दोनच थेंब." आणि ड्रॉपर पुढे केला.

त्यांच्याकडची शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली एक मला मनापासून आवडली, हेही सांगायला हवं. मनुका, दालचिनी, सगळं मला आपोआप आलं, कुणी न सांगता. मी ग्लास पुन्हा पुढे केला. तेव्हा बाटलीची किंमत सांगण्यात आली, आयात कर किती याचीही उजळणी झाली आणि बूच लागलं. म्हटलं, मग आपल्या गोव्यातली घ्या, कुंकळ्ळीची पॉल जॉन. २०१२ साली ती आधी लंडनला गेली, मग आपल्याकडे आली. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून ती लवकर मुरते. शिरीषराव म्हणाले, "गोव्याला आपण फेणी प्यायला जातो हो."

परवा त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी दारू बंद केली आहे. मी दुःख व्यक्त केलं, जमेल तितक्या प्रामाणिकपणे. उरलेल्या बाटल्यांचं काय, असंही हळूच विचारलं. "त्या आता गुंतवणूक आहेत," ते म्हणाले. "शनिवारी या मात्र. मी कॉफीत शिरलोय. सिंगल इस्टेट, चिकमगळूर. दाणे आपणच दळायचे, पाणी मोजून, ९२ अंशाला. काय सुगंध येतो! जर्दाळू, ओली माती..."

त्यात दूध चालेल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.