हार्मोन भरपूर, तरी उंची का नाही?

नमस्कार. लॅरॉन सिंड्रोम, म्हणजे शरीर ग्रोथ हार्मोनला दाद देत नाही असा जन्मजात आजार, यावरच्या माझ्या लेखात तुम्ही दोन चुका काढल्यात. ‘ग्रोथ हार्मोन जास्त असूनही मूल वाढत नाही’ हे तुम्हाला तर्काला सोडून वाटलं, आणि ‘ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचा उपयोग नाही’ या वाक्याने पालक उगाच घाबरतील, असं तुमचं म्हणणं.

दुसरी चूक कबूल. ते वाक्य फक्त लॅरॉनपुरतं खरं आहे. हार्मोनच कमी तयार होत असेल, किंवा टर्नर, प्रेडर-विली यांसारखे वाढ खुंटवणारे जन्मजात आजार असतील, तर याच इंजेक्शनने मुलांची उंची वाढते. वाक्य दुरुस्त केलंय.

पहिलं मात्र मागे घेणार नाही. ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतं आणि मुख्यतः यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन तयार करून घेतं. उंचीचं बरंचसं काम हे आयजीएफ-१ करतं. लॅरॉनमध्ये ग्रोथ हार्मोनला दाद देणारा पेशीवरचा भाग, म्हणजे रिसेप्टरच बिघडलेला, त्यामुळे आयजीएफ-१ पुरेसं तयार होत नाही. आयजीएफ-१ पुरेसं झालं की पिट्युटरीला ‘बास’ कळतं; इथे ते कधी कळतच नाही, म्हणून ती सोडतच राहते. इस्रायली डॉक्टर झ्वी लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये हा आजार नोंदवला, तोही अशाच चढ्या हार्मोनच्या बुटक्या मुलांमध्ये.

माझ्या भाचीलाही लॅरॉन आहे. तिच्या पहिल्या रिपोर्टवर ग्रोथ हार्मोनपुढे वर जाणारा बाण होता. आम्ही हुश्श केलं! तिसऱ्या वर्षी घेतलेला फ्रॉक तिला पाचव्या वर्षीही होत होता, तरी. आयजीएफ-१ तपासायला त्यानंतर वर्ष गेलं. (तिचे आईबाबा दोघेही चांगले उंच. सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडेही होती, पण एकाच प्रतीने त्यांना काही होत नाही.)

एकाच रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नका, हे त्यामुळेच लिहिलं होतं. ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखं नसतं, झटक्याझटक्याने सुटतं, त्यातही गाढ झोपेत जास्त. आयजीएफ-१ त्यामानाने स्थिर. पण कुपोषण, यकृताचे आजार, थायरॉइडची कमतरता यांतही ते घटतं.

औषध आहे का, असंही तुम्ही विचारलंत. आहे. कृत्रिम आयजीएफ-१, म्हणजे मेकासर्मिन. अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. दिवसातून दोनदा टोचायचं. पहिल्या वर्षी उंची भराभर वाढते, मग वेग मंदावतो. मुख्य धोका रक्तातली साखर उतरण्याचा, म्हणून आमच्याकडे आधी ताट, मग सुई. भाची रुसून जेवलीच नाही, तर तो डोस चुकवायचा, आणि पुढच्या वेळी भरपाई म्हणून वाढवायचाही नाही.