प्रॅक्टिकल म्हणता, मग डेटा कुठे आहे?

भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. परवा तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल हातात घेतलं आणि डोकंच फिरलं. दोन खतं, प्रत्येकी दहा वाफे, उत्पादनाचे वीस आकडे. पीक कुठलं, गाव कुठलं, आकडे किलोत की क्विंटलमध्ये, कशाचा पत्ता नाही. खाली सूत्र, मग कॅल्क्युलेटरवरची दोन पानं आकडेमोड, तुलनेसाठी टी-टेबल या छापील कोष्टकातली किंमत आणि शेवटी चौकटीत 'नल हायपोथेसिस रिजेक्टेड', म्हणजे 'दोन्ही खतांत फरक नाही' हे गृहीतक फेटाळलं. खाली मॅडमची सही.

"मग कुठलं खत चांगलं? आणि कितीनं?" मी विचारलं.

"ते नाही लिहायचं मावशी. रिजेक्ट की अ‍ॅक्सेप्ट एवढंच. सगळ्या वर्गाचं उत्तर सेम आहे."

ज्यावरून हे रिजेक्ट-अ‍ॅक्सेप्ट ठरतं ती पी-व्हॅल्यू म्हणजे काय विचारलं, तर "0.05 पेक्षा कमी आली की रिजेक्ट." अहो, हे आल्यावर काय करायचं ते झालं. ती मुळात आहे काय, हे पोरीला कोणी सांगितलेलंच नाही! पोरगी हुशार आहे, तिच्यावर राग नाही. वर्षानुवर्षं तेच वीस आकडे पोरांपुढे टाकणाऱ्या आणि त्याला 'प्रॅक्टिकल' म्हणणाऱ्या व्यवस्थेचा मला संताप येतो.

कारण ही गोष्ट अर्ध्या तासात समजते. आम्ही तेच केलं. वीस आकडे वीस चिठ्ठ्यांवर लिहिले, पिसले, दहा-दहाचे दोन ढीग केले, सरासऱ्यांमधला फरक मांडला. पुन्हा पिसले, पुन्हा मांडला. खतानं काहीच फरक पडत नसता, तर निव्वळ वाटणीच्या योगायोगानं किती फरक दिसला असता, ते डोळ्यांसमोर येतं. वाफ्यांमध्ये प्रत्यक्ष दिसलेल्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक जितक्या वाटण्यांमध्ये निघतो, तेवढं प्रमाण म्हणजे पी-व्हॅल्यू. वाटण्या एकूण 1,84,756 होतात. सगळ्या हातानं करायची गरज नाही. 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हजारो वाटण्या चुटकीसरशी होतात. पण कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला कुलूप, आणि वर उत्तर काय, तर "पेपरला हे येत नाही."

आलेखाचंही तेच. अख्ख्या जर्नलमध्ये सहसंबंधाचे, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते मोजण्याचे, चार प्रयोग आणि एकही आलेख नाही. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञानं 1973 मध्ये चार छोटे डेटासंच मांडले, प्रत्येकात 11 बिंदू. चारहींमध्ये क्ष-ची सरासरी 9, य-ची 7.5, सहसंबंध 0.816, बिंदूंमधून बसवलेली सरळ रेषा, म्हणजे समाश्रयण रेषाही एकच. आलेख काढा: एकात सरळ कल, दुसऱ्यात चक्क वक्र, तिसऱ्यात एक बिंदू रेषेला ओढून नेतोय, चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत आणि एकटा अकरावा लांब. नुसतं सूत्र चालवणाऱ्याला चारही सारखेच दिसणार. पन्नास वर्षं होऊन गेली याला. आमच्या पोरांनी हे कधी बघायचं?

खरा डेटा हाताळला की प्रश्न आपोआप पडतात. सांताक्रूझचा रोजचा पाऊस घ्या. 2005 च्या 26 जुलैपुढे 944 मिलिमीटर. अख्ख्या जुलैच्या सरासरीहून जास्त पाऊस एका दिवसात. हा आकडा ठेवायचा की काढायचा? टायपिंगची चूक नाही, तो पाऊस लोकांनी भोगलाय. मग सरासरी सांगायची की मध्यक, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा? यावर वर्गात तासभर भांडण होऊ दे की! तिथे संख्याशास्त्र शिकलं जातं.

आणि सगळ्यात जास्त कशानं जळफळाट होतो सांगू? याच वर्गात निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत. पीक विम्याची भरपाई ठरताना पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक प्लॉटांतलं पीक कापून-मोजून काढलेलं सरासरी उत्पादन धरतात, हे त्यांना घरून माहीत आहे. महसूल मंडळात किती प्लॉट निवडले, कसे निवडले, थोड्या प्लॉटांवरून काढलेली सरासरी किती हलू शकते, हे नमुना निवडीचे प्रश्न त्यांच्या बापाच्या खिशाशी जोडलेले आहेत. साताऱ्याकडच्या पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी 1940 च्या दशकात याच पीक कापणीच्या नमुना पाहणीचं शास्त्र या देशात उभं केलं. आणि त्याच सातारा-सांगलीकडची पोरं आज 'प्लॉट ए, प्लॉट बी' लिहून सही घेतात.

सिलॅबस बदलायला वेळ लागतो म्हणता, मान्य. पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना कोणी अडवलंय? जर्नल पूर्ण आहे का, सह्या आहेत का, हे मोजत बसण्यापेक्षा तोंडी परीक्षेत प्रत्येक पोराला विचारा: हे आकडे कुठून आले, कोणी मोजले, आणि तू त्यांचा आलेख काढलास का? एका वर्षात सगळ्या विभागांची जर्नलं बदलतील.