दशावतार टीव्हीवरून उचललेला नाही

‘जुन्या मालिकांची गुपितं’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मावशीने तो खरा मानून घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो गावच्या देवस्थानाच्या ग्रुपवर गेला, आणि एकाने लगेच विचारलं, ‘मग जत्रेत नाटकावर पैसे कशाला घालायचे? पडदा लावून मालिकाच दाखवूया.’ म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ एकाच कंपनीचे, नट तेच, संगीतकारही तोच. ‘भारत एक खोज’चं शीर्षकगीत ‘महाभारता’वरून घेतलेलं. ‘मालगुडी डेज’ कोकणात चित्रित झालेलं. आणि दशावतारी मंडळांनी, म्हणजे आपल्या जत्रांत पौराणिक नाटकं करणाऱ्या कोकणातल्या नाटकमंडळ्यांनी, कथा, वेश, चाली सगळं याच मालिकांवरून उचललं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण नुकसान त्यानेच होणार आहे. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला. समर्थ रामदास गेले १६८१ साली. दासबोधाच्या सहाव्या दशकातल्या आठव्या समासात त्यांची ओवी आहे: ‘खेळतां नेटकें दशावतारी । तेथें येती सुंदर नारी । नेत्र मोडिती कळाकुसरी । परी ते अवघे धटिंगण ॥’ सुंदर नारी म्हणून डोळे मोडत येतात ते सगळे पुरुषच. आपल्या जत्रेत आजही स्त्रीपार्ट पुरुषच करतो. ओवीत कोकणाचं नाव नाही, हे खरं. पण दशावतारी खेळ साडेतीनशे वर्षांपूर्वी रामदासांना दाखला द्यावा इतका ओळखीचा होता, यापुढे आणखी काय पुरावा हवा?

आणि उचलायचं म्हणजे नेमकं काय उचलणार? मालिकेला लिहिलेली संहिता असते. ‘महाभारता’ची राही मासूम रझांनी लिहिली. दशावतारात लिहिलेले संवादच नसतात. नट तोंडाला रंग लावत असतात तेव्हा आख्यान सांगितलं जातं: राजा कोण, शाप कुणाचा, युद्ध कुठे, शेवट कसा. प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि संवाद ज्याचे त्याने तिथे उभं राहून रचायचे. नवखा नट अडकतो तो इथेच. समोरच्या राजापार्टाने पुराणातला दाखला टाकला आणि उत्तर ठाऊक नसलं, की प्रवेश तुटतो. मग पायपेटीवाला, म्हणजे पायाने भाता चालवायची हार्मोनियम वाजवणारा, पदाचा सूर धरतो आणि त्याला त्यातून सोडवतो. रविवारी सकाळी टीव्ही बघून पाठ केलेली वाक्यं इथे दोन मिनिटंही पुरणार नाहीत.

आख्यानाआधीचा पूर्वरंग आठवा. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते. मग काळ्या वेशातला संकासुर वेद चोरतो, मालवणीत लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. हा संकासुर ‘रामायणा’च्या ७८ भागांत कुठे आहे, की ‘महाभारता’च्या ९४ भागांत?

चालींचं तसंच. दशावताराची साथ म्हणजे पायपेटी, पखवाज आणि झांज. पद मराठी, नाट्यसंगीताच्या वळणाचं, तानेला जागा ठेवणारं. ‘रामायणा’त ऐकू येतात त्या तुलसीदासांच्या अवधी चौपाया. कुणाला तरीही शंका असेल तर दोन्ही गाणी एका पट्टीत घ्या, पहिल्या ओळीचे स्वर लिहून काढा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर येते त्यावर खूण करा. स्वरांची जोडणी आणि समेची जागा दोन्ही जुळली तरच चाल घेतली म्हणता येईल. नुसता राग जुळला तर काहीच सिद्ध होत नाही. भैरवीत अभंगही आहेत, नाट्यपदंही आहेत आणि ‘मिले सुर मेरा तुम्हारा’सुद्धा.

एवढं मात्र मान्य करावं लागतं, की ट्रिकसीनवाल्या, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या नाटकांतला धूर, रंगीत दिवे आणि काही राजापार्टांचा हिंदी थाटाचा आवाज यांवर पडद्याची छाप आहे. मला ती आवडत नाही. पण तेवढ्यावरून अख्खी कला नक्कल ठरवणं हा अन्याय आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच. गावकरी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतात, हाच त्याचा विषय. टीव्हीवरचं ‘महाभारत’ त्यानंतर आठ वर्षांनी आलं. जत्रेचं नाटक बंद करायचं असेल तर दुसरं कारण शोधा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ‘रामायण’ रामानंद सागर यांचं, संगीत रवींद्र जैन यांचं. ‘महाभारत’ बी. आर. चोप्रांचं, संगीत राज कमल यांचं, शीर्षकगीत महेंद्र कपूर यांनी गायलेलं. राम झालेले अरुण गोविल एकीकडचे, कृष्ण झालेले नितीश भारद्वाज दुसरीकडचे. घोटाळा बहुधा ‘श्रीकृष्णा’मुळे होत असावा. १९९३ ची ती मालिका सागरांचीच, संगीत पुन्हा रवींद्र जैन यांचं, आणि कुरुक्षेत्र तिच्यातही आहे. ‘तेच नट’ यात अर्धं सत्य आहे, पण जोडी चुकलीय. १९८५ च्या ‘विक्रम और बेताल’मध्ये गोविल, दीपिका चिखलिया, सुनील लहरी, अरविंद त्रिवेदी आणि दारासिंग होते. पुढे ‘रामायणा’त हेच पाच जण राम, सीता, लक्ष्मण, रावण आणि हनुमान झाले. दोन्ही मालिका सागरांच्याच. ‘महाभारता’तले भीष्म आणि द्रोण, म्हणजे मुकेश खन्ना आणि सुरेंद्र पाल, पुन्हा समोरासमोर आले ते ‘शक्तिमान’मध्ये, शक्तिमान आणि किल्विष म्हणून.

‘भारत एक खोज’ सुरू होतं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताने, सोबत वसंत देव यांचं हिंदी रूपांतर. ‘महाभारता’च्या शीर्षकगीतातला ‘यदा यदा हि धर्मस्य’ गीतेच्या चौथ्या अध्यायातला. दोन्हीकडे संस्कृत आहे, एवढंच साम्य. ‘भारत एक खोज’ ऐकताना कशाची आठवण व्हायचीच असेल तर ‘तमस’ या मालिकेची व्हावी. दोन्हींचं संगीत वनराज भाटियांचं.

‘मालगुडी डेज’ चित्रित झालं कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे इथे. कौलारू घरं आणि धो धो पाऊस दिसला की आपल्याला कोकण वाटतं, पण आगुंबे घाटमाथ्यावर आहे. दिग्दर्शक शंकर नाग यांची मातृभाषा कोकणी होती. कोकणाशी जोडायचंच असेल तर या मालिकेत तेवढा एक धागा सापडतो.