अपील प्रलंबित, अपीलकर्ता तुरुंगात

दोषी ठरलेल्या माणसाला जामीन कशासाठी, हा प्रश्न अनेकजण चिडून विचारतात आणि तो अगदीच गैरलागू नाही. खटला चालू असताना आरोपीला निर्दोष मानावे लागते, शिक्षा सुनावल्यावर ते कवच गळून पडते. तरीही पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389 मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून कैद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे, कारण खालच्या न्यायालयाचा निकाल चुकू शकतो हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. कश्मिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितले होते की वाजवी मुदतीत अपील ऐकणे शक्य नसेल, तर सबळ कारण नसल्यास कैद्याला सामान्यतः जामीन द्यावा.

पण हे तत्त्व कोणाच्या वाट्याला येते? 6 मे 2015 रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन मिळाला आणि डिसेंबरमध्ये निर्दोष मुक्तताही झाली. त्याला जामीन मिळाला याबद्दल माझी तक्रार नाही. अपील इतक्या तत्परतेने ऐकता येते, हेच त्यातून सिद्ध होते.

आता उत्तर प्रदेशातल्या ललितपूरचे प्रकरण पाहा. बलात्काराच्या आरोपाखाली 2000 मध्ये अटक झालेल्या एका गरीब माणसाला 2003 मध्ये जन्मठेप झाली. वकील लावण्याची ऐपत नसलेला कैदी तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो. तसे ते 2005 मध्ये गेले, पण कागदपत्रांतल्या त्रुटी कोणी दूर न केल्यामुळे अलाहाबाद उच्च न्यायालयात सोळा वर्षे पडून राहिले. अखेर जानेवारी 2021 मध्ये सुनावणी होऊन तो निर्दोष सुटला. शिक्षा स्थगित करा, असे न्यायाधीशांपुढे उभे राहून म्हणणारे त्याच्या बाजूने कोणी असते, तर वीस वर्षे गेली असती का?

आपल्याकडचे गडचिरोली प्रकरणही फार जुने नाही. दिल्ली विद्यापीठातले प्रा. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून 2017 मध्ये शिक्षा झाली. त्यांतला एक आदिवासी सहआरोपी 2022 मध्ये नागपूरच्या कारावासात असतानाच मरण पावला आणि मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले, त्यालाही.

पीडितांची भीती खरी असते. म्हणूनच दहा वर्षे किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या प्रकरणात सरकारी वकिलाला लेखी विरोध करण्याची संधी देणे बंधनकारक आहे, आणि साक्षीदारांना धोका असेल तर जामीन नाकारावा, हे मलाही मान्य आहे. मात्र नकार देणाऱ्या न्यायालयाने त्याच आदेशात अपिलाच्या सुनावणीची तारीखही द्यावी. नाहीतर निकालाआधीच शिक्षा भोगून संपते आणि अपिलाचा हक्क कागदावरच उरतो.

जामीन मंजूर झाला तरी प्रश्न संपत नाही. सातबारा नसलेल्याला, परजिल्ह्यातून आलेल्याला जामीनदार कोण मिळणार? जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. आपल्या जिल्ह्यातल्या तुरुंगात असे किती कैदी अडकले आहेत, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला माहितीच्या अधिकारात विचारता येते. मी तसा अर्ज करणार आहे, आणखी कोणी केला तर बरेच.