सायकलचा डिस्क ब्रेक ढिला म्हणजे हवाच शिरली असं नसतं, आणि मोटरसायकलचं ऑइल तर अजिबात टाकू नका

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, ब्रेक लागेना झाला की आत हवा शिरलीय, मोटरसायकलचं डॉट ऑइल (ब्रेक फ्लुइड) भरून ब्लीड करा, म्हणजे आतली हवा बाहेर काढा. प्लीज असं करू नका. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, त्यात डॉट गेलं की रबरी सील खराब होतात आणि मग कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), लिव्हर दोन्ही बदलायची वेळ येते. आधी लिव्हर दाबून बघा ना. स्पंजसारखा मऊ लागतोय, हँडलपर्यंत येतोय, आणि चारपाच वेळा पटापट दाबल्यावर कडक होतोय, तर हवा असण्याची शक्यता जास्त, पण तेव्हाही पॅड झिजलेत का बघाच, पॅडचा मसाला (घासणारा थर) अर्धा मिमी उरला की शिमानोच बदला म्हणते. लिव्हर कडक आहे तरी सायकल थांबत नाही, वर चीं चीं आवाज, तर बहुतेक डिस्कवर चेनचं तेल किंवा स्प्रे उडालाय. माझं तेच झालेलं, सिंहगड उतरताना पोटात गोळा आला होता. तिथे ब्लीड करून काहीच होणार नाही, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि पॅड नवे टाकायचे. आणि ऑइल कुठलं ते लिव्हरच्या झाकणावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.